आधी नाव, मग बटण

कुठलंही बटण दाबायच्या आधी समोरचं नाव मोठ्यानं वाचायचं, ही सरांची सवय. आमच्या ऑफिसात तिची भरपूर चेष्टा व्हायची आणि ती चेष्टा सुरू करून देणारी मीच होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी सरांबद्दल चांगलं बोलायला लागले तर कोणाचा गैरसमज व्हायला नको.

वाचायचे म्हणजे तोंडातल्या तोंडात नाही. डाव्या हाताचं बोट स्क्रीनवर नावाखाली टेकवायचं, चष्मा जुन्या नंबरचा म्हणून मान थोडी मागं घ्यायची आणि शाळेत हजेरी घेतात तसं पूर्ण नाव, बापाचं नाव, गाव. मग क्षणभर थांबायचं. मग उजव्या हातानं बटण. दिवसाला दोनशे नोंदी असल्या तरी दोनशे वेळा हेच. स्क्रीनवर बोटाचे ठसे उमटत, ते दर शनिवारी ते स्वतःच्या रुमालानं पुसत आणि रुमाल घडी करून परत खिशात ठेवत. ऑफिसातली मुलं त्यांना मागून 'हजेरी सर' म्हणत. हे नावही मीच पाडलं होतं.

ऑफिसबाहेरही तेच. औषधाच्या दुकानात चिठ्ठी दिली की दुकानदाराला आधी चिठ्ठीवरचं नाव वाचायला लावत आणि मगच गोळ्या घेत. फोन लावताना 'आता मी अमक्याले फोन करून राहिलो' असं शेजारच्याला सांगून लावत. पांढुर्ण्यासारख्या गावात, जिथं मोसमात दर तिसऱ्या टेबलावर कोणीतरी संत्री आणून ठेवतं, तिथं या माणसानं कधी एक फोड तोंडात घातली नाही. आग्रह केला तर म्हणत, माझ्या बापानं आणि भावानं जन्मभर दुसऱ्याच्या बगिच्यात संत्री तोडली, आमच्या घरी त्यांचा वास पुरेसा झाला. हे इतक्या सरळ आवाजात म्हणत की संत्रं पुढं करणाऱ्याचा हात अवघडून जाई. माणसांना अवघडवणं त्यांना चांगलं जमायचं.

मी त्यांची विद्यार्थिनी. सौसरला खताच्या दुकानावरच्या माडीवर त्यांचा कॉम्प्युटरचा क्लास होता. सहा मशीन, त्यांतली चार चालू. चपला जिन्यातच काढायच्या. पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं, आता कॉम्प्युटर सुरू करायला शिकवतील. त्यांनी आम्हा आठ जणांना खाली रस्त्यावर नेलं आणि दुकानासमोर ओळीत उभं केलं. येणारे-जाणारे बघायला थांबले. सरांनी विचारलं, तिसरा कोण? एका मुलानं हात वर केला. मग त्यांनी आम्हाला उंचीप्रमाणं उभं राहायला सांगितलं. आम्ही खिदळत जागा बदलल्या.

"आता तिसरा कोन?"

आता तिसरी मी होते.

"मघाच्या तिसऱ्यानं खोडी केली होती. मी म्हटलं, तिसऱ्याले धपाटा घाला. तर कोनाले लागन?"

सरांनी माझ्या पाठीत खरंच एक धपाटा घातला, फार जोरात नाही, पण रस्त्यावर, चारचौघांत. "हिले लागन. जिनं काही केलं नाही तिले." मग म्हणाले, ओळीतला नंबर हा माणसाचा नसतो, जागेचा असतो. जागा बदलते. आज एवढाच पाठ, घरी जा.

घरी जाऊन मी आईला सांगितलं की सर येडा आहे. आई म्हणाली, फी भरली आहे, जात जा. आम्ही बौद्धवस्तीतली पाच-सहा मुलं त्या क्लासला होतो आणि सर आमच्यातलेच, म्हणून ते आमच्याकडून निम्मी फी घेत आणि दुप्पट घासून घेत. चुकलं तर पुन्हा, तेही चुकलं तर सगळं पुसून पुन्हा. मी चलाख होते. लवकर शिकले आणि शिकले हे मला लवकर कळलंही.

पांढुर्णा जिल्हा झालं, तेव्हा कामं येतील या हिशेबानं एका माणसानं तिथं सॉफ्टवेअरचं लहानसं ऑफिस उघडलं. त्याला आम्ही भैया म्हणायचो. मी तिथं लागले. सौसरहून रोज बसनं जायचं आणि यायचं. वर्षाभरात मी तिथली मुख्य झाले, म्हणजे आम्ही चार जण होतो त्यांत मुख्य. तोवर इकडं सरांचा क्लास ओस पडला होता. मुलं सगळं फोनवरच शिकायला लागली होती. एक दिवस सर ऑफिसच्या दारात चपला काढून उभे. मला पाहून जय भीम केला, आणि मग भैयाकडं वळून म्हणाले, काही काम असेल तर द्या.

भैयानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, चांगले आहेत, पण जरा जुने आहेत. असं आपल्या गुरूबद्दल, त्यांच्यासमोर. सर हसले. त्यांना माझ्या हाताखाली घेतलं आणि पगार माझ्याहून कमी ठरला.

त्यांचं पहिलं काम एका खाजगी संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहाचं. संस्था नर्सिंगसारखं काहीतरी शिकवायची आणि शिकायचं तर वसतिगृहात राहणं सक्तीचं. खाटा मोजक्या, अर्ज भरपूर. स्क्रीनवर मुलींची यादी दिसणार, एका ओळीत एक मुलगी. ओळीवरचं बटण दाबलं की यादीवर एक छोटी चौकट उघडणार. आमच्या भाषेत तिला मॉडल म्हणतात. त्या चौकटीत त्या मुलीचं पुढचं काय ते करायचं: मंजूर, रद्द, खाट नंबर. सर त्या चौकटीला खिडकी म्हणायचे. म्हणायचे, ही ऑफिसची खिडकी आहे, उघडली की समोर कोण उभं आहे ते पहिलं विचारायचं.

म्हणून त्यांच्या खिडकीत सगळ्यात वर, मोठ्या जाड अक्षरांत, मुलीचं नाव, बापाचं नाव, गाव. अर्धी खिडकी त्यातच भरून जायची. बटणं खाली, बारकी. भैयानं ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला. हे काय, लग्नाची पत्रिका छापली का? मला म्हणाला, तू जरा मॉडर्न कर.

मी केलं. आनंदानं केलं. नाव काढून टाकलं. पांढरी स्वच्छ चौकट, मधोमध एकच ओळ: 'खात्री आहे?' खाली दोन बटणं, हो आणि नाही. आतलं कामही मी बदललं. सरांनी यादीतून खिडकीकडं मुलीचा अर्ज नंबर पाठवायची सोय केली होती आणि त्यासाठी बरीच खटपट केली होती. मी सरळ ओळीचा नंबर पाठवला. सातव्या ओळीवर दाबलं की खिडकीला सात कळणार, खिडकी मूळ यादीतली सातवी मुलगी उचलणार. दहा मिनिटांचं काम. तपासून पाहिलं, बरोबर चाललं. चालणारच, कारण तेव्हा यादी जशी होती तशीच स्क्रीनवर होती. तिच्यातल्या कोणाची जागा बदलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी माझ्या मॉनिटरच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवलेली. 'ओळीचा नंबर नको. मुलीचा नंबर दे.' सरांचं टपोरं अक्षर. मी ती काढून टाकली. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच. तीही काढली. तिसऱ्या वेळी मी सगळ्यांसमोर म्हटलं, सर, इथं क्लास नाही चालू. मुलं हसली. सरांनी ती चिठ्ठी स्वतः काढली, घडी करून खिशात ठेवली, रुमालाबरोबर.

खिडकीचं काम ज्या फाइलमध्ये होतं, तिच्या पहिल्या ओळीत सरांचं नाव होतं. बनवणाऱ्यानं आपलं नाव वर लिहायचं, ही आमच्या धंद्यातली रीत. मी आतलं सगळं बदललं, पण वरचं नाव तसंच राहू दिलं. मोठेपणा म्हणून नाही. कंटाळा केला.

वसतिगृहाच्या वॉर्डनबाई एक दिवस यादी घेऊन बसल्या. एका मुलीचे कागद मुदतीत आले नव्हते, तिचं नाव रद्द करायचं होतं. शंभरावर नावं, सापडेना. म्हणून त्यांनी स्क्रीनवर यादी गावाप्रमाणं लावून घेतली. मुलगी सापडली, सातव्या ओळीत. रद्दचं बटण दाबलं. माझ्या स्वच्छ चौकटीनं विचारलं, खात्री आहे? बाईंना खात्री होतीच. पण खिडकीला बापडीला यादी नव्यानं लावल्याचं माहीतच नव्हतं, तिनं मूळ यादीतली सातवी उचलली. बोरगावची एक मुलगी. तिची खाट आपोआप प्रतीक्षेतल्या पहिल्या मुलीकडं गेली. जिला काढायचं होतं ती यादीत तशीच राहिली, नंतर कागद घेऊन आली आणि खाटही मिळवून बसली. नाव काढल्याचा मेसेज बोरगावला गेला असणार, पण तो मुलीच्या बापाच्या बटणांच्या फोनवर. रोज दहा जाहिराती येतात त्यांतलाच तो एक झाला.

राहायला यायच्या दिवशी ती मुलगी बापाबरोबर, पत्र्याची पेटी घेऊन वसतिगृहाच्या फाटकात उभी राहिली. बाईंनी यादीत पाहिलं, नाव नाही. म्हणाल्या, आम्हाला काही माहीत नाही, कॉम्प्युटरवाल्यांना विचारा. आणि दुपारी ती दोघं आमच्या ऑफिसात आली.

बाप शेतमजूर, हे त्याच्या हातांवरून कळत होतं. तो दारातच थांबला. मुलगी मात्र आत आली, हातात मंजुरीचा छापील कागद. अठराएक वर्षांची असेल. नवा ड्रेस, घडीच्या खुणा तशाच. सरांनी खुर्ची दिली, ती बसली नाही.

"यात लिहिलं आहे ना, मंजूर म्हनून," ती म्हणाली. "मंग मी काय चुकवलं?"

सरांनी तिचं नाव विचारलं. नोंद उघडली, बोट टेकवलं आणि मोठ्यानं वाचलं. नाव, बापाचं नाव, गाव. ते नाव वाचत होते तेव्हा मी त्यांच्या खांद्यावरून ओळीचा नंबर पाहत होते. सात. रद्द करताना यादी गावाप्रमाणं लावलेली होती, हेही नोंदीत होतं. सगळं एका क्षणात कळलं मला.

सरांनाही कळलं. भैया केबिनमधून बाहेर आला होता आणि बापाला गोड आवाजात समजावत होता की असं होतं कधी कधी, मुलीच्या अर्जातच काही राहिलं असेल, पुढच्या वर्षी पहिला नंबर लावून देऊ. बाप मान हलवत होता. अशा लोकांना सवयच असते मान हलवायची, मी तशीच माणसं पाहत वाढले.

सर उठले. "अर्जात काही राह्यलं नाही," ते बापाला म्हणाले. "पोरीची काही चूक नाही. चूक आमच्या खिडकीची आहे. तुम्ही मान नका हलवू."

मग त्यांनी भैयासमोरच वसतिगृहाला फोन लावला. आता मी वॉर्डनबाईंना फोन करून राहिलो, असं सांगून. एक खाट जास्त टाका म्हणाले, माझ्या घरची आणून देतो म्हणाले. बाईंनी सांगितलं की परवानगी आहे तेवढ्याच खाटा, आणि आलेल्या मुलींना मी बाहेर कसं काढू? सर अर्धा तास बोलत होते. त्यांचा आवाज एकदाही चढला नाही. ती मुलगी तेवढा वेळ उभी होती. शेवटी तिनंच कागदाची घडी केली आणि म्हणाली, बाबा, चला, बस सुटन. बोरगावला जायचं तर सौसरहून पुढं दुसरी गाडी. पेटी बापानं खांद्यावर घेतली. सर त्यांच्याबरोबर स्टँडपर्यंत गेले.

परत आले तोवर भैयानं खिडकीची फाइल उघडून ठेवली होती. तो पेटला होता. ग्राहकासमोर चूक कबूल करायची नाही, हा त्याचा पहिला नियम, आणि सरांनी तो भरल्या ऑफिसात मोडला होता. "किसका काम है ये?" म्हणाला आणि स्क्रीन आमच्याकडं वळवला. पहिल्या ओळीत सरांचं नाव.

"नाव तर तुमचंच आहे, सर," भैया म्हणाला.

सरांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. मी बोलेन, म्हणून ते थांबले होते. खोलीत आम्ही सहा जण होतो, त्यांतल्या दोघांना खरं माहीत होतं आणि एक दुसऱ्याला संधी देत होता. मी पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत होते. ते आधीच लागलेलं होतं.

"हाव," सर म्हणाले. "नाव माह्यंच आहे."

त्याच दिवशी त्यांना काढलं. जाताना त्यांनी स्क्रीन पुसला, त्या दिवशी शनिवार नव्हता तरी. माझ्याशी बोलले नाहीत. मला घर चालवायचं होतं, आईच्या दोन्ही गुडघ्यांनी दगा दिला होता, असं सगळं मी नंतर स्वतःला सांगितलं. ते खोटं नाही. पण त्या क्षणी यातलं काहीही माझ्या डोक्यात नव्हतं. बोलायची वेळ आली, मी ती जाऊ दिली, आणि गेली.

दोन महिन्यांनी मी रामाकोन्याला गेले. सरांचं घर तिथं. ते नव्हते, ओट्यावर त्यांचा थोरला भाऊ बसला होता, सरांसारखाच चेहरा पण उन्हानं करपलेला. मी त्यांची विद्यार्थिनी म्हटल्यावर त्यानं पाणी दिलं आणि विचारलं, तुमच्यापुढंही तो नावं वाचायचा का? मी हो म्हटलं. तो हसला आणि त्यानं सांगायला सुरुवात केली. दोघं एकाच शाळेत. निकालाच्या दिवशी गुरुजी मोठ्या रजिस्टरवर लाकडी पट्टी ठेवून एकेक ओळ वाचत होते. पट्टी एका ओळीनं सरकली. थोरल्याच्या नावापुढं खालच्या मुलाचा निकाल वाचला गेला, नापास. बापानं दुसऱ्या दिवशी याला बगिच्यात नेलं. पुढच्या वर्षी धाकट्याला, म्हणजे सरांना, ते रजिस्टर गुरुजींच्या घरी पोचवायला सांगितलं होतं, तेव्हा त्यांनी वाटेत उघडून पाहिलं. थोरला पास होता.

"पळत आला बगिच्यात सांगाले. लई रडला," भाऊ म्हणाला. "पन मी तवर झाडावर चढलो होतो. आता कायले उतरू म्हटलं."

तो हे गमतीनं सांगत होता. मला ओट्यावर बसवेना.

तेवढ्यात सर आले. सायकल भिंतीला लावली. मला पाहून आश्चर्य दाखवलं नाही. बोरगावला गेलो होतो म्हणाले, तिच्या बापाला भेटून आलो. मुलगी आता गावाजवळच्या एका कारखान्यात पॅकिंगला जाते. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज भर म्हटलं तर नाही म्हणते. आता सवय झाली म्हणते. हे सांगताना त्यांनी भावाकडं पाहिलं नाही.

मी बसमध्ये सगळं पाठ करून आले होते. ते म्हणून टाकलं. सर, चूक माझी होती, मी भैयाला सांगेन, तुमचं नाव काढेन. रडलेही थोडी. सरांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"मले कायले सांगून राहिली?" ते म्हणाले. "तिले सांग. काय नाव तिचं?"

मी तोंड उघडलं. नवा ड्रेस आठवला, घडीच्या खुणा, पेटीचा निळा रंग, सातवा नंबर आठवला. नाव आठवेना. सरांनी ते माझ्या कानाजवळ मोठ्यानं वाचलं होतं.

सर वाट पाहत राहिले, खिडकीपुढं थांबत तसेच. मग रुमाल काढून चष्मा पुसला आणि घरात गेले. भाऊ म्हणाला, चहा घेऊन जा. मी घेतला नाही.

भैयाला मी काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जुनी यादी उघडली, मूळ क्रमानं लावली आणि सातव्या ओळीखाली बोट टेकवलं. आवाज माझ्याही नकळत मोठा निघाला. प्रणाली देवराव, बोरगाव.

शेजारच्या टेबलावरच्या मुलानं विचारलं, "कोन आहे वो?"

मी यादी बंद केली. म्हटलं, कोणी नाही.